पाडायला दिलेली हार्ड डिस्क

सून काय करते असं कुणी विचारलं की सासूबाई सांगत, "वस्तू फोडते. घरी नाही हो, ऑफिसात." आणि त्यात खोटं काही नव्हतं. खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या एका कारखान्यात ती चाचणी विभागात होती. माणसाला जे जे हरवू नये असं वाटतं, ते सगळं तो साबणाच्या वडीएवढ्या एका डबीत भरून ठेवतो. ती डबी किती सोसते हे बघणं तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे डबी टेबलाच्या उंचीवरून टाकणारं यंत्र होतं, पिंपात घालून घुसळणारं होतं आणि गदागदा हलवणारंही होतं. दिवसभर नुसती आदळआपट. घरी मात्र ती कपसुद्धा आवाज न करता ठेवी.

कारखान्याचं आधीचं मॉडेल या सगळ्या यंत्रांमधून छाती काढून पास झालं होतं आणि लोकांच्या घरी जाऊन पटापट माना टाकत परत आलं होतं. म्हणून नवं मॉडेल तयार झालं तेव्हा विभागाच्या मुख्य बाई म्हणाल्या, "यंत्रं शिस्तीत पाडतात. माणसांना कुठे आलीय शिस्त? प्रत्येकानं एकेक घरी न्या. रोजच्या वापरात टाका आणि काय होतं ते मला सांगा."

तर अशी ती हार्ड डिस्क घरी आली. जेवणं झाल्यावर सुनेनं ती टेबलावर मधोमध ठेवली. काळी, कडेला रबर, आणि केबल लावायच्या जागेवर एक छोटंसं रबरी झाकण.

प्रश्न असा की वापरायची कुणी? नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. त्याच्या हातून आजवर काही पडलं नव्हतं. चपलासुद्धा तो जोडीनं, भिंतीला समांतर काढायचा. त्याच्याकडे दिली असती तर ती नातवंडांच्या लग्नापर्यंत नवीकोरी राहिली असती. सासूबाईंनी तर लांबूनच हात जोडले. "मला आणखी एक पुसायची वस्तू नको बाई."

राहिले सासरे.

सासरे दातांचे डॉक्टर. घरात, गल्लीत, सगळीकडे ते नुसते 'डॉक्टर'. त्यांच्या हाताला गुण होता असं लोक म्हणत; दात कधी निघाला ते कळायचंही नाही. पण काही वर्षांपूर्वी त्या हाताला कंप सुटला. आधी थोडा, मग एवढा की एक दिवस त्यांनी स्वतःच हातातली सुई खाली ठेवली, खुर्चीतल्या पेशंटची माफी मागितली आणि दवाखाना बंद केला. औषधं चालू होती. कंपानं मात्र मुक्कामच ठोकला होता. त्यानंतर घरातल्या वस्तू हळूहळू त्यांच्यापासून दूर सरकत गेल्या. काचेचे ग्लास वरच्या फळीवर गेले. ते काही उचलायला वाकले की तीन बाजूंनी तीन हात पुढे यायचे. "राहू दे, मी घेतो." "अहो, ठेवा ते." प्रेमानंच सगळं, पण माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसून राहायचा. बाहेर जाणं तर त्यांनी बंदच केलं होतं. कुणाकडे गेलं की चहा आलाच, आणि चहा आला की कपबशी वाजायला लागते.

सुनेनं टेबलावरून सासऱ्यांकडे पाहिलं. तिच्या मनात आलं ते डॉक्टरांना तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं. घाबरलेल्या माणसांचे चेहरे वाचण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"मला द्यायचीय?" ते म्हणाले. "मी पाडतो म्हणून?"

नवऱ्यानं मान खाली घातली. सासूबाईंनी डोळे वटारले. सुनेला काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"हो, बाबा," ती म्हणाली.

डॉक्टर उठले, खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" सासूबाई कडाडल्या. "अगं, एवढी कामं करतेस, तुला हेच एक काम सापडलं त्यांच्यासाठी?"

सुनेला रात्रभर चुटपुट लागून राहिली. सकाळी ती चहाला आली तेव्हा टेबल रिकामं होतं. डबी नाही. डॉक्टर खिडकीत पेपर वाचत होते आणि त्यांच्या सदऱ्याचा खिसा चौकोनी फुगला होता.

डबीत भरायला त्यांच्याकडे माल होता. दवाखान्याच्या दिवसांत त्यांची एक सवय होती: काम झालं की पेशंटला आरसा द्यायचा, आणि तो आरशात बघून हसला की त्याचा फोटो काढायचा. जबडे दुखत असतानाही माणसं त्या क्षणी मनापासून हसत. असे कितीतरी फोटो घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर धूळ खात पडले होते. डॉक्टरांनी ते या डबीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. जुना कॉम्प्युटर गोगलगाईच्या चालीचा, त्यामुळे थोडे उतरवायचे, केबल काढायची, दुपारी परत लावायची, असं चाललं. मूळ फोटो पुसू नका, एवढं सुनेनं बजावलं होतं.

आठवडा झाल्यावर ती अपेक्षेनं म्हणाली, "बाबा, बघू बरं."

डॉक्टरांनी खिशातून लोकरी मोजा काढला. मोज्यातून रुमाल काढला. रुमालातून डबी. कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा ती एवढी चकचकीत नव्हती.

"एकदाही पडली नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा झाला.

"कशी पडेल?" स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "तळहातावरच्या फोडासारखी जपतायत. कोंबडीचं पिल्लू धरावं तसे दोन्ही हात लावून चालतात घरभर. परवा मला म्हणाले, दार उघड, माझे हात अडकलेत."

सुनेला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाच्या हातात कुणी काही देत नव्हतं, त्यानं हातात आलेली एकुलती एक वस्तू जिवापाड जपली होती. आता त्याला सांगायचं तरी कसं की हे चुकलं? ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"बाबा, तुम्ही फारच छान सांभाळलीत. पण मला ती पडायला हवीय."

"मुद्दाम पाडू?"

"नाही. मुद्दाम पाडायला आमची यंत्रं आहेत. तुम्ही फक्त जपू नका."

डॉक्टरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर त्याच्या त्याच्या तालात हलत होता.

"अवघड काम सांगितलंस, पोरी," ते म्हणाले. "लोक माझ्याकडे यायचे ते हात हलू नये म्हणून. आणि आता म्हणतेस, हलू दे."

"हो. हलू दे."

त्यांनी मोजा मुलाच्या कपाटात परत ठेवला. तिथे जोडीचा दुसरा मोजा एकटा पडल्यामुळे मुलगा आठवडाभर हैराण होता.

दुसऱ्या दिवशी सून कारखान्यात पिंपाच्या यंत्रापाशी उभी असताना फोन वाजला.

"पडली!" डॉक्टर म्हणाले.

"कुठे, बाबा?"

"जिन्यात. आपल्या दारापासून सुटली ती थेट खालच्या शेजाऱ्यांच्या पायपुसण्यापर्यंत. आवाज एवढा झाला की ते बाहेर आले. चालतेय पण! लावून बघितली."

त्यांच्या आवाजात असा आनंद तिनं दवाखाना बंद झाल्यापासून ऐकला नव्हता. मग रोजच फोन यायला लागले. डबी न्हाणीघराच्या फरशीवर पडली. सासूबाई पीठ मळत असताना डॉक्टर त्यांना काहीतरी दाखवायला गेले आणि ती परातीतच पडली. एकदा सदऱ्याच्या खिशातच राहिली आणि सासूबाईंनी सदरा साबणाच्या पाण्यात भिजत घातला; त्या दिवशीचा फोन सासूबाईंचा होता आणि त्यांची पाचावर धारण बसली होती. "अगं, बुडाली गं तुझी डबी! तुला नोकरीवरून काढणार नाहीत ना?" झाकण घट्ट बसलेलं असल्यामुळे डबीला काही झालं नाही. वाळवून लावली तर सगळी माणसं आत जागच्या जागी हसत होती.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लोक आता सुनेलाच विचारत, "आज डॉक्टरांनी कुठे पाडली?" बाकीच्यांच्या डब्या बिचाऱ्या कपाटांत पडून होत्या.

एका सुट्टीच्या दिवशी डॉक्टर कपडे करून बाहेरच्या खोलीत आले. "फुलांच्या दुकानात जायचंय. येतेस?" फुलवालीचा फोटो सापडला होता. लहानपणी सायकलवरून तोंडावर आपटून तिचे पुढचे दोन दात अर्धे तुटले होते, ते डॉक्टरांनी बसवले होते. तो फोटो त्यांना तिलाच द्यायचा होता. एकाचा फोटो आपणहून दुसऱ्याला दाखवायचा नाही, हा त्यांचा नियम.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. डॉक्टर आपणहून बाहेर निघालेत, हे बोलून दाखवलं तर मोडेल की काय अशा भीतीनं त्यांनी फक्त "छत्री घ्या" म्हटलं. आकाश स्वच्छ होतं.

दुकान अरुंद होतं, दोन्ही बाजूंना बादल्या आणि बादल्यांत फुलांचे गठ्ठे. फुलवाली आता चांगली भारदस्त बाई झाली होती. डॉक्टरांना बघून तिनं हातातली कात्री खाली टाकली आणि आतल्या माणसाला ओरडून चहा सांगितला.

"नको, आत्ताच घेतला," डॉक्टर चटकन म्हणाले.

सुनेला माहीत होतं की घेतला नव्हता.

डॉक्टरांनी खिशातून डबी काढली, आणि गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरकडे हात नेता नेता ती सटकली ती सरळ निशिगंधाच्या बादलीत. बुडुक.

"अगं बाई!" फुलवालीनं किंकाळी फोडली आणि कोपरापर्यंत हात बादलीत घातला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "पडणं हेच तिचं काम आहे." आणि पुढे म्हणाले, "आणि पाडणं माझं. सुनेनं नेमलंय मला."

फुलवालीनं एकदा सासऱ्याकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. डॉक्टरही हसले. मग त्यांनीच सांगून टाकलं, अगदी सरळ, हवापाण्याबद्दल बोलावं तसं: हात हलतो, दवाखाना त्यामुळे बंद केला, कपबशी वाजते म्हणून कुणाकडे जात नाही.

"एवढंच ना?" फुलवाली म्हणाली. "अर्धा कप देते. दोन्ही हातांनी घ्या."

डॉक्टरांनी घेतला. थोडा गल्ल्यावर सांडला. ज्या फडक्यानं ती दिवसभर फुलांचं पाणी पुसत होती त्याच फडक्यानं तिनं तो बोलता बोलता पुसला. तोवर सुनेनं डबी कोरडी करून जोडली होती. पडद्यावर दोन वेण्यांची एक मुलगी आली, हातात आरसा, गाल सुजलेला, आणि हसू या कानापासून त्या कानापर्यंत.

फुलवाली बराच वेळ बघत राहिली. "केवढे दात काढलेत मी!" ती शेवटी म्हणाली.

"बसवले मी होते," डॉक्टर म्हणाले.

घरी येताना त्यांच्या हातात निशिगंधाची एक जुडी होती. ती दोनदा पडली. दोन्ही वेळा त्यांनीच उचलली, आणि सुनेनं पुढे केलेला हात मागे घेतला.

त्यानंतर डॉक्टर थांबेनात. कधी शिंप्याकडे, कधी वाचनालयातल्या बाईंकडे, कधी बसचालकाच्या घरी. प्रत्येक ठिकाणी डबी काढायची, केबल लावायची, फोटो द्यायचा, चहा घ्यायचा. सासूबाई कुरकुरत, "घरात पाय ठरत नाही यांचा," आणि कुरकुरताना त्यांच्या गालाला खळी पडायची.

मग एक दिवस फोन आला नाही.

सून संध्याकाळी घरी आली तर डॉक्टर कॉम्प्युटरसमोर बसले होते. केबल लावलेली होती, पडद्यावर काहीच नव्हतं.

"गेली," ते म्हणाले. "सकाळपासून लावतोय. दिवाच लागत नाही."

"बाबा, ती जावी म्हणूनच तर—"

"माहीत आहे मला. कशासाठी दिली ते माहीत आहे. पण मला वाटायला लागलं होतं की ही माझ्या हाताला पुरून उरणार. एक तरी वस्तू."

सासूबाई दारात उभ्या होत्या. एरवी त्यांच्यापाशी शब्दांना तोटा नसे. त्या आत आल्या आणि डॉक्टरांच्या हातावर आपला हात ठेवून नुसत्या बसल्या. हात हातासकट हलत राहिला.

दुसऱ्या दिवशी सुनेनं डबी कारखान्यात नेली आणि मुख्य बाईंसमोरच उघडली. तिची खात्री होती की आदळून आदळून आतलं काही तुटलं असणार. पण आतली तबकडी ठणठणीत होती. एवढे जिने, एवढ्या बादल्या, पिठाची परात, कशाचा ओरखडाही आतपर्यंत पोचला नव्हता. गेलं होतं ते दुसरंच. केबल जिथे घुसते ते छोटं तोंड आतल्या पट्टीपासून सुटलं होतं. भिंगाखाली बघितलं तर सोल्डरिंगला बारीक चिरा होत्या, सगळ्या एकाच बाजूला.

"पडून नाही झालं हे," मुख्य बाई म्हणाल्या. "केबल तिरकी लावून झालंय. पुन्हा पुन्हा, हलवत हलवत."

आणि सुनेला सासऱ्यांचा हात डोळ्यांसमोर दिसला. केबलचं टोक खाचेपाशी येतं, चुकतं, डावीकडे सरकतं, टेकतं, दाबलं जातं. कारखान्यात केबल लावून-काढून बघणारंही एक यंत्र होतं, पण त्याला ते कधीच जमलं नव्हतं. यंत्र ती सुतासारखी सरळ घालायचं आणि सरळ काढायचं, हजारो वेळा, न कंटाळता.

"पण अशी तिरकी कोण लावतं?" पलीकडचा तरुण अभियंता म्हणाला.

"मी लावते," मुख्य बाई म्हणाल्या. "बसमध्ये. कडेवर मूल असताना. अंधारात टेबलाखाली हात घालून." त्यांनी परत आलेल्या जुन्या डब्यांची पेटी मागवली. उघडून पाहिलं तर निम्म्याहून जास्त डब्यांत तीच चीर, त्याच जागी. सगळ्यांनी आजवर पडण्याचाच धसका घेतला होता. लावण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मुख्य बाईंनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाल्या, "तुमचे डॉक्टर एक दिवस इथे येतील का? विचारा. आग्रह नको."

घरी सुनेनं हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी सगळं दोनदा ऐकलं. "म्हणजे पडून नाही मेली?"

"नाही. पडून तिला काही झालं नाही."

"बघ," ते सासूबाईंना म्हणाले. बायकोनं आयुष्यभर अमान्य केलेली एखादी गोष्ट आज सिद्ध झाली असावी, तसे.

कारखान्यात जायच्या दिवशी सासूबाईही निघाल्या. "यांच्या सदऱ्याची बटणं कोण लावणार?" असं कारण त्यांनी दिलं, बटणं घरीच लावून झाली होती. प्रयोगशाळेत तरुण अभियंत्यानं डॉक्टरांच्या बोटांना आणि मनगटाला लहान लहान पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांना केबल लावायला सांगितली. लावा, काढा, पुन्हा लावा. डॉक्टर पहिल्यांदा अवघडले. सुनेला वाटलं, आता ते हात आवळून धरणार, सगळा जोर लावून स्थिर करणार.

"जपू नका, बाबा," ती हळूच म्हणाली.

त्यांनी खांदे सैल सोडले. हात त्याला हवा तसा हलू लागला, आणि पडद्यावर त्याच्या हलण्याची रेघ उमटत गेली.

चहा होईपर्यंत अभियंत्यानं ती सगळी मापं केबल लावणाऱ्या यंत्राला घातली. यंत्राचा पोलादी हात पुढे आला, खाचेपाशी आला आणि थरथरला. चुकला. जरा डावीकडे गेला, टेकला, दाबला गेला. मागे आला. पुन्हा थरथरत पुढे गेला.

सुनेच्या विभागात एवढी यंत्रं होती, त्यांतल्या एकाकडेही बघून तिला कधी माया वाटली नव्हती.

डॉक्टर पुढे वाकून बघत होते. "असं दिसतं होय बाहेरून?" ते म्हणाले. "मला वाटायचं, फार भयंकर दिसतं."

"तुमचं थोडं बरं दिसतं," सासूबाई म्हणाल्या. त्या पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या आणि यंत्राच्या हातावरून त्यांची नजर हलत नव्हती. हात पुढे जात होता, थरथरत होता, लावत होता, काढत होता.

थोड्या वेळानं त्यांनी अभियंत्याच्या बाहीला हात लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा थांबवा त्याला. दमला असेल."

अभियंत्यानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान हलवली, आणि त्यानं बटण दाबून यंत्र थांबवलं.